हाक पोचते, ओ येत नाही

एका आईचं पत्र आहे. मुलगी १४ वर्षांची. गेलं वर्षभर ती आईच्या हाकेला ओ देत नाही. दोनदा, तीनदा हाक मारून झाली आणि चौथ्यांदा आवाज चढला की 'काय आहे?' म्हणून खेकसत येते. बंद दाराआड मैत्रिणीचा फोन नुसता थरथरला तरी मात्र तिला कळतं. कानातच काही बिघाड असेल म्हणून आईने श्रवणचाचणी करून घेतली. दोन्ही कान उत्तम निघाले. 'म्हणजे ऐकू येतं आणि तरी मुद्दाम कानाडोळा करते, हे आता सिद्धच झालं,' असं आई लिहिते. वडील म्हणतात, हेडफोन जप्त कर, आपोआप ऐकू येईल. आईला ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. लहानपणी हीच मुलगी कुलपात किल्ली कशी फिरली यावरून आई आली की बाबा, हे ओळखायची. पत्र संपता संपता आणखी एक ओळ येते : 'हल्ली आमच्या जेवण्याचा आवाजही तिला सहन होत नाही, ताट उचलून खोलीत जाते.' आईचे मुख्य प्रश्न दोन. हा उद्धटपणा समजून वेळीच मोडून काढायचा का? आणि हेडफोन काढून घ्यायचे का?

प्रिय ताई,

चाचणीच्या रिपोर्टचा फोटो तुम्ही पत्राला जोडलाय, खटल्यात पुरावा जोडावा तसा. तेव्हा सुरुवात त्या कागदापासूनच करू.

ती चाचणी तुम्ही काचेपलीकडून पाहिली असेल. बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी लहानशी खोली, मुलीच्या कानावर हेडफोन, हातात बटण. २५० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंतचे सूर एकेक करून वाजतात, हळूहळू बारीक होत जातात, आणि ऐकू आला की बटण दाबायचं. तेवढा वेळ तिला दुसरं काही कामच नव्हतं. फोन बाहेर, मैत्रिणी बाहेर, आईसुद्धा बाहेर. अशा शांततेत कान किती बारीक आवाज टिपतो, एवढंच तो आलेख सांगतो. नळ सोडलेला आहे, मध्ये दोन भिंती आहेत, तिचे डोळे फोनवर आहेत आणि अशात तुम्ही हाक मारलीत, तर त्या हाकेचं काय होतं हे त्या कागदावर कुठेच नाही. 'कान चांगले आहेत' आणि 'म्हणजे मुद्दाम करते' या दोन वाक्यांच्या मध्ये एक अख्खा मेंदू आहे, आणि चौदाव्या वर्षी त्याचं बांधकाम अजून उरकलेलं नसतं.

कानाचं यंत्र जन्माआधीच सज्ज असतं. १९८० मध्ये अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर या दोघांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांना चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज ऐकू यायचा, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आपली लय आईचा आवाज येईल अशी बदलून घेतली. तुमच्या लेकीचं किल्ली ओळखणं हे त्याच कौशल्याचं पुढचं पाऊल. पण कानाने टिपलेल्या आवाजाचं मेंदूच्या वरच्या मजल्यावर पुढे काय करायचं, ही व्यवस्था लागायला त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं जातात.

हे मोजता येतं. डोक्यावर ईईजीचे इलेक्ट्रोड लावतात, एक साधा छोटा आवाज शेकडो वेळा ऐकवतात आणि प्रत्येक आवाजानंतर मेंदूत विजेच्या लाटा कशा उठतात ते पाहतात. नुकत्याच शाळेत जायला लागलेल्या मुलाच्या आलेखात आवाजानंतर साधारण १०० मिलिसेकंदांनी एक ठळक लाट वर चढते. तिचं नाव पी-वन. मोठ्या माणसात तीच लाट ५० मिलिसेकंदांच्या आसपास येऊन जाते, तीही अगदी लहानशी. आणि १०० मिलिसेकंदांपाशी उलट्या दिशेची लाट दिसते, एन-वन. थोडक्यात, ज्या क्षणी सहा वर्षांच्या मुलाचा आलेख वर जातो, नेमक्या त्याच क्षणी तिशीतल्या बाईचा खाली. एकाचं दुसऱ्यात रूपांतर व्हायला सगळी किशोरवयाची वर्षं लागतात. नऊ-दहाव्या वर्षाच्या सुमाराला एन-वन डोकं वर काढते, पी-वन लहान आणि लवकर होत जाते, आणि हा बदल विशीच्या उंबरठ्यापर्यंत चालू राहतो. मेंदूतल्या तंतूंवर चरबीचं वेष्टण चढत असतं, त्यामुळे निरोप जलद जातात. वापरात नसलेल्या जोडण्या छाटल्या जात असतात. मुलीची उंची आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडून ठेवतो. ही वाढ तशी मांडता येत नाही, म्हणून ती होतेय हेच आपल्या लक्षात येत नाही.

या दोन लाटांपैकी माझी आवडती एन-वन, कारण तिला आपलं लक्ष कुठे आहे ते कळतं. स्टीव्हन हिलयार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये लोकांच्या दोन कानांत वेगवेगळे सूर सोडले आणि एकाच कानाकडे लक्ष द्यायला सांगितलं. ज्या कानाकडे लक्ष होतं त्या बाजूच्या सुरांना एन-वन मोठी उठली. सूर तेवढाच मोठा, कान तेच, फरक फक्त लक्षाचा. पुढे २०१५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये याची दुसरी बाजू दिसली. डोळ्यांना किचकट काम दिलं की त्याच वेळी वाजलेल्या आवाजाला मेंदूचा प्रतिसाद कमी उठत होता, तोही आवाज झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे 'दुर्लक्ष करू या' असं ठरवायला पुरणार नाही इतक्या लवकर. आणि या प्रयोगातली माणसं किशोरवयीन नव्हती हं. तुमच्या-माझ्यासारखी मोठी होती. मेसेज टाइप करता करता 'आई, ऐकतेयस ना?' याला 'हं, हं' म्हणणारी.

तर 'तीनदा हाक मारली, ओ दिली नाही' या एका तक्रारीत तीन निरनिराळे प्रकार असू शकतात. हाक पोचलीच नाही. पोचली, पण मेंदूने ती बिनमहत्त्वाची ठरवून बाजूला सारली. किंवा पोचली, कळली आणि बाईसाहेबांनी ठरवलं की बघू नंतर. एकाच संध्याकाळी तिन्ही होत असतील. तुमच्या पत्रात मात्र तिन्हींची गणती तिसऱ्या खात्यात झालीय.

दुसऱ्या प्रकाराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण 'मैत्रिणीचा फोन थरथरला तरी कळतं' या वाक्याखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठात डॅनियल एब्रम्स, विनोद मेनन आणि त्यांच्या गटाने नेमका आईचा आवाज हाच विषय घेतला. २०१६ मधल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १२ वर्षांच्या मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून आवाजांचे तुकडे ऐकवले. तुकडा सेकंदापेक्षा लहान आणि शब्द बनवलेले, अर्थ नसलेले. काही स्वतःच्या आईच्या आवाजात, काही अनोळखी बायकांच्या. एवढ्याशा तुकड्यावरून मुलांनी ९७ टक्क्यांहून जास्त वेळा आईला ओळखलं. आणि आईचा आवाज आला की मेंदूतले सुखाशी, भावनांशी, 'हे महत्त्वाचं आहे' असं ठरवण्याशी संबंध असलेले भाग जास्त उजळले. २०२२ मध्ये त्यांनी १३ ते १६ वर्षांच्या मुलामुलींचे निष्कर्ष मांडले. आईचा आवाज ओळखण्यात ही मुलंही तितकीच पक्की होती. पण सुखाशी निगडित असलेला न्यूक्लिअस अक्युम्बन्स हा भाग आणि कशाला किती मोल द्यायचं ते ठरवणारा कपाळामागचा भाग आता अनोळखी आवाजाला जास्त दाद देत होते. हे वळण दिसतं साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी.

यातल्या दोन गोष्टी मला पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात. एक, ते शब्द निरर्थक होते. त्यात 'अभ्यास', 'पसारा', 'कितीदा सांगायचं' यातलं काही नव्हतं. तेव्हा आपल्या सूचनांना कंटाळून मुलं असं करतात, हे स्पष्टीकरण इथे तरी लागू पडत नाही. दोन, समोर मैत्रिणी नव्हत्या, साफ परक्या बायका होत्या. तुमची जागा कुणा एका मैत्रिणीने घेतलीय असं नसून 'बाहेरचा आवाज' या गोष्टीलाच मेंदूने भाव वाढवून दिलाय. शिवाय वाढत्या वयाबरोबर मेंदूचा एकूणच माणसाच्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद वाढत गेलेला दिसला. तेव्हा लेकीच्या मनातून तुम्ही वजा झालात, असा हिशेब मांडू नका. बेरीज झालीय, आणि नव्याने आलेल्याकडे जास्त लक्ष जातंय. पुढे चार-सहा वर्षांत जिला परक्या लोकांत वावरायचंय, त्यांच्या आवाजातून कोण भलं आणि कोण नाही हे ताडायचंय, तिच्यासाठी ही तयारी आहे.

आता थोडा हात आखडता घेते. या अभ्यासात वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची वेगवेगळी मुलं होती, तीच मुलं वर्षानुवर्षं तपासलेली नव्हती. आणि निष्कर्ष हे गटाच्या सरासरीचे असतात. तुमच्या लेकीला कुणी यंत्रात घातलेलं नाही. मेंदूची रंगीत चित्रं पाहिली की आपण पालक फार लवकर शरण जातो. आधी सगळा दोष मुलीच्या स्वभावाचा होता, आता सगळा मेंदूचा. मला दोन्ही टोकं आवडत नाहीत. हे वाचून झाल्यावर 'तुझा मेंदूच सध्या तसा आहे' असं तिला कृपा करून ऐकवू नका. एक तर ते तिला अपमानास्पद वाटेल, आणि नाही वाटलं तर ती ते वापरेल.

आता आवाज चढवण्याबद्दल. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, २०१५ मधल्या, बत्तीस मुलांना स्वतःच्या आईने केलेली टीका ऐकवली. मुलं सरासरी चौदा वर्षांची, ध्वनिफीत तीस सेकंदांची, आवाज खऱ्या आईचा. ती ऐकताना भावना उसळवणारे भाग पेटले आणि स्वतःला आवरणारा, तसंच समोरच्याच्या मनात काय चाललंय हे समजून घेणारा भाग मंदावला. कानीकपाळी ओरडून सांगताना आपल्याला वाटत असतं की आता तरी हिच्या डोक्यात शिरेल. नेमकं तेव्हाच डोक्याचा तो दरवाजा लोटलेला असतो. कार्डिफ विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलामुलींना आया बोलतात तशी वाक्यं ऐकवली. शब्द तेच, फक्त सूर वेगवेगळे. दटावणीच्या सुरातली वाक्यं ऐकणाऱ्या मुलांनी सांगितलं की आपल्या आईने असं म्हटलं तर वाईट वाटेल आणि ती दूरची वाटेल. पाठिंब्याच्या सुरात तीच वाक्यं ऐकणाऱ्यांची प्रतिक्रिया उलटी होती. बहुतेक घरांत भांडण शब्दांवरून होतं, 'मी फक्त एवढंच म्हटलं!' आणि ते खरंही असतं. फक्त तेवढंच म्हटलेलं असतं. सुराचा पुरावा कुणाकडेच नसतो.

म्हणून मी एकदा तो पुरावा गोळा केला. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असताना एका संध्याकाळी ओट्यावर फोन ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि विसरून गेले. रात्री ऐकलं. पहिली हाक, नाव, शेवटचं अक्षर लांबवलेलं. दुसरी, नाव तोडून टाकलेलं. तिसरी, नाव आडनावासकट. मधला काळ मला मिनिटभराचा वाटला होता, प्रत्यक्षात पहिल्या आणि तिसऱ्या हाकेत नऊ सेकंद होते. मागे मिक्सर चालू होता, त्याच्याही मागे टीव्हीवर दोन माणसं तावातावाने बोलत होती. आणि खरं सांगू का, तिसऱ्या हाकेतला राग पहिल्या हाकेत आधीच होता. तो येणार नाही हे गृहीत धरूनच मी बोलवत होते. हा प्रयोग तुम्ही जरूर करा. लेकीचं बोलणं मात्र तिला न सांगता रेकॉर्ड करू नका. फक्त तुमची स्वतःची हाक.

मागच्या आवाजांचाही मुद्दा हलका नाही. नुसत्या घरघरीत बोलणं समजणं मुलांना त्या मानाने लवकर जमतं. पण मागे आणखी दोन माणसं बोलत असतील तर त्यातून हवा तो आवाज वेगळा काढणं ही फार उशिरा पिकणारी कला आहे. त्यात मुलं मोठ्यांच्या बरोबरीला येतात ती तेरा-चौदा वर्षांची झाल्यावरच. तुमची मुलगी त्या टप्प्यावर अगदी आत्ता पोचतेय. टीव्हीतल्या वादावादीवरून हाक मारून पहिल्या फटक्यात ओ मिळेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मग करायचं काय? सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे उठून जाणं. तिच्या दारापर्यंत जा, टकटक करा, नुसतं नाव घ्या आणि थांबा. तिने मान वर करेपर्यंत पुढचं वाक्य गिळून ठेवा. हे थांबणं जड जातं, कारण आपल्याला नाव, काम आणि तक्रार एका दमात सांगायची सवय असते : 'अगं ते कपडे उचललेस का, सकाळपासून सांगतेय.' तिच्यापर्यंत यातलं शेवटचंच पोचतं. मान वर झाली की एकच गोष्ट सांगा. दुसरी पुन्हा कधीतरी.

उठून जाणं दर वेळी शक्य नसतं, हे मलाही कळतं. त्यासाठी एखादी खूण तिच्याशी ठरवून घ्या. दिव्याचं बटण दोनदा उघडझाप, दारावर तीन टकटक, काहीही. खूण तिने निवडलेली असेल तर जास्त टिकते. 'घरातल्या घरात मेसेज करायचा का?' असंही तुम्ही विचारलंय, थोड्या लाजेने. जेवायला बोलवायला खुशाल करा, त्यात काही कमीपणा नाही. रागाची गोष्ट मात्र मेसेजवर नको, तिथे सूर तिच्या मनाने लागतो आणि तो नेहमी वाईटच लागतो.

आणखी एक, दोन दिवस मोजून बघा. दिवसात मारलेल्या हाकांपैकी किती हाकांच्या शेवटी काम होतं? माझ्या मोजणीत जवळजवळ सगळ्या निघाल्या. आपली हाक म्हणजे कामाची घंटा हे मुलांना आपणच शिकवलेलं असतं, आणि शिकण्यात ती हुशार असतात. कधीतरी बिनकामाची हाक मारा. 'काही नाही, हे बघ,' एवढ्यासाठी. पहिल्या काही वेळा ती संशयाने येईल.

उद्धटपणाचं उत्तर आता देता येईल. न ऐकल्याबद्दल रागावू नका, खेकसण्याबद्दल जरूर बोला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुम्ही दोन्हींची शिक्षा एकत्र देताय, त्यामुळे तिला दोन्ही अन्याय वाटतात. खेकसल्यावर तिथल्या तिथे वाद नको. अर्ध्या-पाऊण तासाने, शेजारी बसून, 'मघाशी तू ज्या पद्धतीने बोललीस ते मला लागलं, तसं चालणार नाही,' एवढं पुरे. घडत असलेल्या मेंदूलाही हद्द लागते. आणि तिसऱ्या प्रकारातली, म्हणजे सगळं कळून टाळलेली हाक असेल, तर तिचा परिणाम तिच्यावर सोडा. जेवण गार झालं तर गार जेवावं.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मला ती हाकेपेक्षा जास्त विचारात पाडते. ताट उचलून जाणं हा रुसवा असू शकतो. पण काही जणांना चावण्याचा, घोट घेण्याचा, नाक ओढण्याचा, पेनाची टिकटिक केल्याचा आवाज नुसता नावडत नाही, तो अंगावर येतो. क्षणात संताप किंवा किळस उसळते, छाती धडधडते, तिथून पळून जावंसं वाटतं. याला मिसोफोनिया म्हणतात. हा शब्द मार्गारेट आणि पावेल जास्त्रेबॉफ यांनी २००१ मध्ये दिला. हा त्रास सुरू होण्याचं नेहमीचं वय म्हणजे बालपणाचा शेवट आणि किशोरवयाची सुरुवात, आणि तो घरच्या माणसांच्या आवाजाने जास्त भडकतो असं त्रास असलेले पुष्कळ जण सांगतात. २०१७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार यांच्या गटाला असं दिसलं की या लोकांत ठरावीक आवाजांना मेंदूतला इन्सुला हा भाग फार जोरात प्रतिसाद देतो, सोबत हृदयाचे ठोके वाढतात, हाताला घाम सुटतो. म्हणजे नाटक नव्हे.

तुमच्या लेकीला हे आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून कुणी म्हणूही नये. पण तिला एकांतात, जेवणाच्या वेळी सोडून, विचारा : 'तो आवाज ऐकल्यावर तुला नेमकं काय होतं? शाळेतही होतं का?' उत्तरात शरीर आलं, धडधड आली, 'मला स्वतःचाच राग येतो' असं काही आलं, तर ऑडिओलॉजिस्ट म्हणजे श्रवणतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जा. हा प्रकार आजारांच्या अधिकृत याद्यांत अजून स्वतंत्रपणे नोंदलेला नाही, त्यामुळे पहिल्याच डॉक्टरांनी 'काही नाही, वय आहे' म्हटलं तर दुसऱ्यांना विचारा. विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या सीबीटी या उपचाराने बऱ्याच जणांना फरक पडतो. तोवर जेवताना मागे हळू संगीत लावा, तिला टेबलाच्या टोकाची जागा द्या, आणि असह्य झालं तर पाच मिनिटं उठून जायची मुभा द्या, टोमणा न मारता. 'सवय होईल' म्हणून मुद्दाम तिच्या कानाशी मचमच करणारे काका-मामा प्रत्येक घरात एक तरी असतात. त्यांना आवरण्याचं काम तुमच्या यजमानांकडे द्या.

कानांची पुन्हा तपासणी केव्हा, तेही लिहून टाकते, कारण असंच पत्र आणखी कुणी लिहिणार असेल. समोरासमोर, शांततेत बोलतानाही मूल 'काय? काय?' करत असेल, एकाच कानाने ऐकत असेल, मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजते म्हणत असेल, तर थांबू नका. एखाद्या कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि जिचे कान मैत्रिणीच्या फोनला टवकारायचे ती त्यालाही ओ देईनाशी झाली, सगळ्याच आवाजांतला तिचा रस आटला, तर तो विषय कानाचा नाही आणि उद्धटपणाचाही नाही. तेव्हा समुपदेशकाकडे जायला उशीर करू नका.

राहिले हेडफोन. जप्त करू नका. त्याने हाक जास्त पोचणार नाही, फक्त दार जास्त जोरात आपटेल. आवाज हा या वयात शत्रू नसतो. शिकागोमध्ये निना क्राउस यांच्या गटाने शाळकरी मुलांवर नववीच्या सुमारापासून तीनेक वर्षं लक्ष ठेवलं, त्यात शाळेत समूहाने संगीत वाजवणाऱ्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद लवकर प्रौढ होत गेला. यांतली मुलं वाजवणारी होती, नुसती ऐकणारी नव्हती, हे खरं. पण चौदाव्या वर्षीही हा मेंदू आवाजाने घडतो, एवढं त्यातून कळतं.

काळजी करायची ती किती मोठ्याने आणि किती वेळ याची, आणि ती कानाची काळजी आहे, शिस्तीची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी मर्यादा सुचवलीय, मुलांसाठी ४० तास ७५ डेसिबल. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. म्हणजे मुलांच्या हिशेबाने ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला फक्त ५. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन असतील तर आवाज कमी ठेवून भागतं, त्यामुळे जप्त करण्याऐवजी बरे घेऊन देणं हा जास्त शहाणपणाचा खर्च. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये आठवडाभर किती डेसिबलने किती वेळ ऐकलं याची नोंद मिळते. ती लेकीसोबत बसून उघडा. पण आधी तुमच्या फोनमधली, मग यजमानांच्या, मग तिच्या. आमच्याकडे हे केलं तेव्हा सगळ्यात मोठा आकडा माझा निघाला होता.